सीट टोचते? आधी पुठ्ठा घ्या

रोड बाइकवर (बारीक टायरच्या वेगवान सायकलवर) तासाभरात बसवेना झालं की बहुतेकजणी जाड, मऊ सीट आणतात. तिथेच चुकतं. मऊ गादीत बुडाची हाडं रुततात आणि दाब नाजूक भागावर येतो. बघायची ती रुंदी. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवून किंचित पुढे वाकून बसा. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्यात साधारण २ सेंटिमीटर मिळवा. अंतर १२ सेंटिमीटर आलं तर १४३ मिलिमीटरची सीट वापरून बघा, १३ च्या पुढे १५५ ची. मधे खाच असलेली बरी. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही (हो, खरंच!), त्याच्या शिवणीच काचतात. हँडल लांब वाटलं तर सीट पुढे सरकवू नका, गुडघे कुरकुरतील. आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) बसवून घ्या.