जिप्सीत 1.6 लिटरचं इंजिन बसवताना

मारुती जिप्सीचं मूळ 1.3 लिटरचं इंजिन चिवट आहे, पण चढावर, वाळूत आणि मोठ्या टायरवर ते दमतं. म्हणून जुन्या बलेनो सेडानमधलं 1590 सीसीचं जी16बी इंजिन तिच्यात बसवायचा विचार पुढे येतो. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली असल्यामुळे गिअरबॉक्सला जोडण्याचे बोल्ट जुळतात, आणि तिथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. इंजिन जागेवर बसवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. वेळ खातात ते क्लच, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), पेट्रोल, वायरिंग आणि पाणी.

गाडीचा एक बोल्ट सैल करण्याआधी कागदपत्रांचा विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. 1.3 च्या जागी 1.6 हा नेमका तसा बदल आहे. आरटीओकडून लेखी परवानगी हातात नसेल तर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. ती स्पर्धेची किंवा खासगी जागेत चालवायची गाडी समजा आणि ट्रेलरवरूनच न्या. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही इथेच अडतो.

इंजिन खरंच बदलायचं आहे का?

एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीचं इंजिन साधारण 80 अश्वशक्ती आणि 103 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. बलेनोचं सुमारे 94 अश्वशक्ती आणि 130 न्यूटन-मीटर. गंमत टॉर्कमध्ये आहे. 1.3 चा टॉर्क 4500 आरपीएमच्या आसपास शिखरावर जातो, तर 1.6 चा बराच खालच्या आरपीएमला मिळतो. चिखलात दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत न्यायची असेल तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.

पण फक्त दगडांवरून हळू चढायचं असेल तर थोडं गणित करा. जिप्सीचा पहिला गिअर 3.652 आणि ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज 2.268, म्हणजे दोन्ही मिळून 8.28 पट. मूळ इंजिनाने ट्रान्सफर केसच्या बाहेर जास्तीत जास्त 853 न्यूटन-मीटर मिळतो, 1.6 ने 1077. तेच मूळ इंजिन ठेवून ट्रान्सफर केसमध्ये 4.16 चे लो गिअर घातले तर आकडा 1560 च्या पुढे जातो, आणि वायरिंगला हातही लावावा लागत नाही. दगड हीच तुमची गरज असेल तर आधी गिअर बदला. इंजिनाचा खरा उपयोग वेग आणि टॉर्क दोन्ही लागतात तिथे आहे: वाळू, लांब चढ, खोल चिखल.

इंजिन एकटं घेऊ नका

सुटं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचललं की पुढचे दोन महिने सेन्सर आणि कनेक्टर शोधण्यात जातात. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इंजिनाचं पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी, इंधन पंप, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, दोन्ही मॅनिफोल्ड, फ्लायव्हील आणि क्लच हे सगळं एकाच गाडीतलं घ्या. वायरिंग कनेक्टरपासून कापलेलं असेल तर तो सौदा सोडा. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असलेली गाडी असेल तर तिची किल्ली आणि ईसीयू यांची जोडी फुटू देऊ नका.

शक्य असेल तर इंजिन त्याच्या गाडीतच चालू करून ऐका. मग गरम इंजिनावर, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन तपासा. 170 पीएसआयच्या खाली गेलेला सिलेंडर किंवा दोन सिलेंडरांमध्ये 14 पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर ते इंजिन आधी उघडावं लागेल, हे धरूनच भाव करा.

इंजिन जमिनीवर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सील आणि कॅम सील नवीन टाका. मागचं सील नंतर बदलायचं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा. क्रँकच्या पुढच्या टोकावरची टायमिंग पुली काढून तिची चावी (पुलीला क्रँकवर अडवून धरणारा धातूचा छोटा तुकडा) आणि खाच नीट पाहा. या घराण्यातल्या इंजिनांमध्ये हा बोल्ट सैल राहिला की चावी खाचेत हलते, खाच रुंद होत जाते आणि टायमिंग भटकतं. नवीन चावी खाचेत ठेवून बोटाने हलवून बघा. जरा जरी खुळखुळली तर क्रँक बदलायची किंवा दुरुस्त करून घ्यायची. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नाही.

क्लच आणि फ्लायव्हील

गिअरबॉक्स जिप्सीचाच ठेवा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. गिअरबॉक्स मूळ जागी राहिला की प्रॉपेलर शाफ्टपैकी एकाचीही लांबी किंवा कोन बदलत नाही, आणि एक मोठी डोकेदुखी वाचते.

फ्लायव्हील बसवण्याआधी चार गोष्टी तपासा. क्रँकच्या फ्लँजवरचे बोल्ट आणि फ्लायव्हीलची भोकं मोजा. क्लच प्लेट जिप्सीच्या इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून पाहा. ती न अडता शेवटपर्यंत गेली पाहिजे आणि आडवी डुलता कामा नये. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं का ते बेअरिंग हातात घेऊनच तपासा, कारण गिअरबॉक्स जोडल्यावर ते दिसत नाही. शेवटचं म्हणजे सेल्फचं दातचक्र फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळतं का. दातांची संख्या सारखी असूनही रिंग दोन-तीन मिलिमीटर मागे-पुढे असली की सेल्फ किंचाळतो आणि काही आठवड्यांत दात खातो.

जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. जाड स्प्रिंगची प्रेशर प्लेट घातली तर पेडल जड होतं आणि केबल लवकर तुटते. नवीन केबल टाका आणि एक जादा गाडीत ठेवा.

गिअरबॉक्स जोडताना बोल्ट आवळून दोन तोंडं जवळ ओढू नका. क्लच प्लेट मधोमध असेल तर हौसिंग हाताने ढकलून ब्लॉकला टेकतं. पाच-सहा मिलिमीटरची फट उरून अडलं तर परत मागे घ्या. काहीतरी चुकलं आहे, आणि बोल्टाने ओढलं तर क्लच प्लेटचा हब किंवा पायलट बेअरिंग मोडतं.

चेंबर

बलेनोत इंजिन आडवं असतं, जिप्सीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. खाली पुढचा धुरा असतो, आणि पाटे दबले की तो आणखी वर येतो. म्हणून बलेनोचं चेंबर इथे चालेल असं गृहीत धरू नका. जिप्सीचं चेंबर वापरायचं तर त्याच्यासोबतची तेल ओढणारी जाळीची नळीही तिथलीच घ्या. नळी एकाची आणि चेंबर दुसऱ्याचं असलं तर जाळी तळाला चिकटते किंवा तेलाच्या वर राहते, आणि दोन्हीत बेअरिंग जळतात.

इथे एक मोजमाप फार महत्त्वाचं आहे. 1.3 चा स्ट्रोक 75.5 मिलिमीटर, 1.6 चा 90. म्हणजे क्रँकचा घेर मध्यापासून सुमारे 7 मिलिमीटर जास्त बाहेर येतो. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे जाड गोळे चेंबरच्या आत, क्रँकच्या वजनांच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या समोर लावा. चेंबर गॅस्केटसह चार बोल्टांवर बसवा, क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग चेंबर काढून क्ले कापून तिची जाडी मोजा. 3 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली तर तिथे चेंबर बाहेरून ठोकून जागा करा. डिपस्टिकची खूण नव्या चेंबरशी जुळणार नाही. ठरलेलं तेल मोजून ओता, दहा मिनिटं थांबा आणि स्वतःची खूण कोरा.

इंजिन जागेवर

1.6 चा ब्लॉक 1.3 पेक्षा उंच आहे. बॉनेट, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि रेडिएटर या तिन्ही बाजू तपासायच्या. कॅमच्या मागच्या टोकावरचा डिस्ट्रिब्युटर फायरवॉलच्या अगदी जवळ येतो. त्याची कॅप गाडीतच काढता आली पाहिजे, नाहीतर ओलाव्याने गाडी बंद पडली की रानात काहीच करता येणार नाही. गरज पडली तर फायरवॉलला आतल्या बाजूने खोलगट आकार द्या, पण त्याआधी पलीकडे वायरिंग किंवा ब्रेकची नळी नाही ना ते बघा.

इंजिन आधी गिअरबॉक्सला जोडून चेनब्लॉकवर लटकत ठेवा, आणि मगच माउंटिंगचे ब्रॅकेट बनवा. मूळ इंजिन काढण्याआधी त्याचा कलता कोन डिजिटल लेव्हलने मोजून लिहून ठेवा, नवीनही त्याच कोनात ठेवा. ब्रॅकेट 5-6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे करा, आधी टाके मारा, इंजिन उतरवा आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. रबर माउंटिंगजवळ वेल्डिंग केलं तर रबर आतून भाजून जातं, बाहेरून कळत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू दोन्ही काढून ठेवा.

स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यात किमान 25 मिलिमीटर अंतर ठेवा. इंजिन टॉर्कवर वळतं, उभ्या गाडीत मोजलेलं अंतर चालत्या गाडीत कमी होतं.

पेट्रोल, वायरिंग, पाणी

जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत पेट्रोलचा दाब अगदी कमी असतो. 1.6 च्या इंजेक्शनला साधारण 35 ते 43 पीएसआय लागतो. त्यामुळे इंजेक्शनसाठीचीच नळी आणि इंजेक्शनचेच क्लॅम्प वापरा. साधी रबरी नळी या दाबाला फुगते आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सोडते. टाकीत परतीची नळीही लागते. उभ्या चढावर पंपाचं तोंड उघडं पडू नये म्हणून दोन लिटरची छोटी टाकी मध्ये घालणं फार उपयोगी पडतं. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यातच ठेवा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. थेट किल्लीवर जोडलेला पंप उलटलेल्या गाडीत पेट्रोल ओतत राहतो. एमपीएफआय जिप्सीत यातलं बरंच आधीच असतं, पण पंपाचा दाब गेजने मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

वायरिंग कापण्याआधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा. ईसीयूला कायमचा पुरवठा, किल्लीवरचा पुरवठा आणि चांगली अर्थिंग, या तीन गोष्टी मिळाल्या की बहुतेक इंजिनं सुरू होतात. त्यानंतर वेगाचा सेन्सर आणि चेक इंजिनचा दिवा जोडा. दिवा टाळू नका, बिघाडाचे कोड त्याच्यावरच वाचता येतात. ईसीयू डॅशबोर्डच्या आत उंचावर बसवा, नाल्याचं पाणी त्याच्यापर्यंत पोचू नये.

इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी अशा दोन जाड अर्थिंग पट्ट्या बसवा. रबर माउंटिंगमुळे इंजिन चेसिसपासून वेगळं असतं. पट्टी विसरली तर सेल्फचा सगळा करंट क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलमधून जातो. सेल्फ मारताना केबलच्या आवरणातून बारीक धूर निघाला, तर कारण हेच.

रेडिएटर मोठा घ्या. पंखा आणि रेडिएटरमध्ये 20 मिलिमीटर तरी मोकळी जागा ठेवा. पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर उघडा ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. हवा अडकली तर काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड मात्र तापतं.

पहिली सुरुवात

प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशनची कनेक्शन सोडा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग सगळं जोडा, किल्ली दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून पंपाचा दाब भरू द्या आणि प्रत्येक सांध्यावर कोरडं फडकं फिरवा. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा. इंजिन चालू झालं की टायमिंग लाइटने टायमिंग लावा, पण डायग्नोस्टिक कनेक्टरला जंपर घालूनच. नाहीतर ईसीयू स्वतः टायमिंग पुढे-मागे करत राहतं आणि तुम्ही चुकीच्या आकड्यावर डिस्ट्रिब्युटर आवळता.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर माउंटिंग, हौसिंग आणि एक्झॉस्टचे सगळे बोल्ट पुन्हा तपासा. ट्रान्सफर केसच्या तीन रबर माउंटिंगना आता जास्त टॉर्क सोसावा लागतो. हँडब्रेक लावून, लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर क्लच हलकेच सोडा आणि साथीदाराला बाजूला, टायरच्या रेषेबाहेर बसवून ती केस किती वळते ते पाहायला सांगा. बोटभर हलली तर रबर बदला. तसंच पुढच्या धुऱ्यातले जॉइंट 1.3 च्या हिशोबाने बनलेले आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, चाक अडकलं असताना आणि लो रेंजमध्ये, थ्रॉटल दाबू नका. त्या तिहेरी ताणात सगळ्यात आधी तुटतो तो हा जॉइंट.