कमी उंचीच्या फुटबॉलपटूने व्यावसायिक खेळाची तयारी कशी करावी
बडोद्यात पोलो मैदानावर सरावाला येणाऱ्या मुलाची उंची कमी असेल, तर पालकांनी उंची वाढवण्याच्या टॉनिकांवर पैसा घालवू नये. मेस्सी आणि सुनील छेत्री हे दोघेही सुमारे 170 सेंटिमीटर उंचीचेच आहेत. मुलाने पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी, चेंडू प्रतिस्पर्ध्यापासून दूरच्या पायावर घ्यावा आणि धक्का बसण्यापूर्वीच गुडघे वाकवून शरीराचा भार खाली आणावा. हेडरच्या चढाओढीत उंच बचावपटूशी झुंजत बसण्यापेक्षा त्याच्या डोक्याला लागून खाली येणारा चेंडू टिपावा, कारण तेथे पहिल्या दोन पावलांचा वेग कामी येतो. गोलरक्षक होण्याचा हट्ट मात्र, स्पष्टच सांगायचे तर, सोडावा.