क्लबचा पहिला वनराई बंधारा कसा बांधायचा (आणि गोण्या कुठून आणायच्या)

रोटरी-लायन्ससारख्या सेवाभावी क्लबात 1 जुलैला पदग्रहण होतं, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि पुढच्याच मीटिंगला विषय निघतो, यंदा प्रोजेक्ट काय? मग वह्यावाटप, छत्रीवाटप, झाडं लावणं. वाईट काही नाही त्यात, पण वीस मेंबर फोटोला उभे राहतात आणि काम दोघंच करतात. मी चार वर्षं क्लबचा खजिनदार होतो, बिलं माझ्याच हातून गेलीत म्हणून बोलतोय. ज्यात डॉक्टरपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना खरंच हात घालावा लागतो असं काम पाहिजे असेल तर वनराई बंधारा बांधा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, बस एवढंच. आमच्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये काही वाड्यांवर टँकर येतो, कारण डोंगरावरून आलेलं पाणी पऱ्यातून म्हणजे छोट्या ओढ्यातून वहाळात आणि वहाळातून खाडीत निघून जातं. ते चार महिने अडवलं तरी जवळच्या विहिरीला फरक पडतो.

सुरुवात गोण्यांपासून करा, पैशांपासून नाही. सहा मीटर रुंद पऱ्या आणि मीटरभर उंच बंधारा धरला तर साधारण अडीचशे गोण्या लागतात, फाटक्या निघतात म्हणून साडेतीनशे जमवा. हिशोब सोपा आहे: आडवी ठेवलेली भरलेली गोणी अर्धा मीटर लांब आणि साधारण पंधरा सेंटीमीटर जाड, म्हणजे एका ओळीत बारा, उंचीला सात थर, आणि खाली चार ओळी, वर जाताना कमी करत दोन. क्लबमध्ये एक तरी बिल्डर किंवा काँट्रॅक्टर असतोच, त्याला जुलैतच सांगून ठेवा, कारण साइटवर गोण्या पावसात कुजतात किंवा भंगारवाला घेऊन जातो. आम्ही एका वर्षी सप्टेंबरमध्ये मागायला गेलो आणि शेवटी भंगारवाल्याकडूनच विकत आणल्या, आमच्याच मेंबरच्या साइटच्या!

आता पैसे. खर्च खरं तर फार नसतो: सुतळी, दाभणं, प्लास्टिकचा कागद, टेम्पोचं भाडं, चहा-नाश्ता. फावडी, घमेली, टिकाव गावात मिळतात. पण थोडा फंड हाताशी असावा आणि तो जमवायला सगळ्यात चांगली रद्दी. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई होते, त्या आठवड्यात मेंबर्सनी आपापल्या बिल्डिंगमध्ये रद्दी गोळा करायची आणि एकच टेम्पो फिरवायचा. लोक शंभर रुपये द्यायला दहा प्रश्न विचारतात पण दहा किलो पेपर हसत देतात. नाटकाचा प्रयोग घेऊन तिकिटं खपवायचा मार्गपण आहे, पण हॉल, साउंड, कलाकारांची राहायची सोय हे सगळं बघता पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नका. आमचा प्रयोग ऐन मॅचच्या दिवशी आला, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आणि तिकिटं मेंबर्सच्याच माथी.

खजिनदाराच्या दोन-तीन गोष्टी नीट ऐका. लोकांकडून जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि तो फक्त प्रोजेक्टलाच वापरा, बॅनर, बुके, मीटिंगचं जेवण हे सगळं मेंबर्सच्या वर्गणीतून. लायन्समध्ये हा नियमच आहे, पण तुमचा क्लब कुठलाही असो, हे पाळलं की भांडणं निम्मी होतात. क्लबची ट्रस्ट म्हणून नोंदणी नसेल तर बाजारात वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परवानगी काढा, गणेश मंडळं दरवर्षी काढतात तीच कलम 41 क वाली. ट्रस्टला 80जी असेल तर देणाऱ्याला आधीच सांगा की 2000 रुपयांच्या वर कॅश दिलीत तर टॅक्समध्ये सूट मिळत नाही, चेक किंवा यूपीआयने द्या, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. आणि कुणाचा भाऊ अमेरिकेतून पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून आले तर प्रश्न नाही, पण तिकडचा सिटिझन झाला असेल तर तो परदेशी पैसा धरला जातो आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय क्लबच्या खात्यावर घेता येत नाही. वाईट वाटेल त्याला, पण नाही म्हणा.

जागा बघायला सप्टेंबरच्या शेवटी जा, आणि गावातल्या माणसाला घेऊनच जा. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारलंत तर ते तीन जागा तोंडपाठ सांगतात. पऱ्या अरुंद हवा, दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, तळ शक्यतो कातळाचा, आणि वरच्या बाजूला उतार कमी म्हणजे पाणी लांबपर्यंत तुंबतं. कुणाच्या शेतात पाणी शिरणार नाही ना हे बघा. ग्रामपंचायतीत सरपंचांना भेटून पत्र द्या, काठ खाजगी असेल तर मालकाला घरी जाऊन भेटा, फोनवर नको. पंचायतींना बंधाऱ्यांचं टार्गेट असतंच, त्यामुळे हो म्हणतात, फक्त त्यांचंही नाव बॅनरवर टाका.

तारीख हा सगळ्यात नाजूक विषय. पाऊस थांबला की लगेच बांधावं असं वाटतं, पण ऑक्टोबरात भात कापणी असते, गावातला एक माणूस येणार नाही आणि यायलाही नको. फार उशीर केला तर पऱ्याच आटतो. आम्ही दिवाळी झाल्यावर लगेचचा रविवार धरतो.

मधल्या काळात मेंबर्सना बांधून ठेवायचं काम मीटिंगांचं. दर वेळी हॉटेलचा एसी हॉल घेऊ नका. 1905 मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन मित्र आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचे, रोटरी हे नावच त्या फिरत्या मीटिंगवरून पडलंय. तेच करा, आज कापडाच्या दुकानात, पुढच्या वेळी दवाखान्यात पेशंट संपल्यावर, मग कुणाच्या गोडाऊनमध्ये. ज्याच्याकडे मीटिंग तो चहा-भजी देतो, बाकी खर्च शून्य, आणि एरवी तोंड न उघडणारा माणूस स्वतःच्या दुकानात मस्त बोलतो. कोजागिरी मात्र फॅमिलीसकट करा, गच्चीवर, मसाला दूध आणि भेळ, भाषणं बंद. त्याच रात्री एका कोपऱ्यात गोण्यांचा ढीग आणि दाभणं ठेवा, फाटक्या गोण्या बाजूला काढणं आणि सुतळीचे हातभर तुकडे कापणं गप्पा मारता मारता होऊन जातं. आमच्याकडे हे काम वहिनी लोकांनी आणि पोरांनी एका रात्रीत संपवलं आणि मग त्या सगळ्या रविवारी पऱ्यावर पण आल्या, कारण आता गोण्या त्यांच्या होत्या ना!

बंधाऱ्याच्या दिवशी सकाळी सातला सुरू करा, नऊनंतर ऊन चढतं. तीस माणसं असली तर अकरा-साडेअकरापर्यंत होतं. आधी जिथे रचायचं तिथला गाळ, पालापाचोळा, सुटे दगड काढून तळ साफ करा, आणि दोन्ही काठांत हातभर आत खणून घ्या, म्हणजे गोण्यांची टोकं काठात घुसतील. हे आम्ही पहिल्या वर्षी केलं नव्हतं. बंधारा इतका देखणा झाला होता की सगळे तिथेच नारळ फोडून जेवायला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फोन, पाण्याने डाव्या काठाची माती खाऊन बगलेतून वाट काढली होती. बंधारा जागेवर आणि पाणी त्याच्या शेजारून, असं दृश्य होतं.

गोणी पूर्ण भरू नका. दोन तृतीयांश भरा, नाहीतर ती टणक होते, नीट बसत नाही आणि चौथ्या गोणीला कंबर धरते. तोंड सुतळीने बांधायचं नाही, शिवायचं. बांधलेल्या गोणीला शेंडी राहते, त्या शेंडीमुळे वरच्या थराला फट पडते आणि तिथूनच गळतं. तोंड दुमडायचं, दाभणाने चार-पाच मोठे टाके घालायचे, शेवटी गाठ. एक जण गोणी धरणार, एक शिवणार, अशा चार जोड्या बसवल्या की भरणाऱ्यांना थांबावं लागत नाही. आमचे एक सर्जन मेंबर पहिल्या दिवशी शिवायला बसले, टाके अप्रतिम, पण एका गोणीला दहा मिनिटं, शेवटी त्यांना घमेलं दिलं.

रचताना विटांसारखी सांधेमोड करा, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी, आणि शिवलेलं तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. दोन ओळींच्या मध्ये प्लास्टिकचा कागद उभा सोडा आणि चिकण माती पायाने दाबून भरा, पाणी खरं अडवते ती हीच माती. मधला भाग काठांपेक्षा अर्धी गोणी खाली ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच उतरतं, आणि ते पडतं तिथे खाली मोठे दगड टाका. माती काठ पोखरून काढू नका हे पोरांना दोनदा सांगा. पोहणारा एक माणूस जवळ ठेवा, फर्स्ट एड असू दे, आणि पाहुण्यांना नऊला नाही तर साडेअकराला बोलवा. एकदा पाहुणे मध्येच आले, सगळं काम हारांसाठी पाऊण तास थांबलं आणि परत सुरू करायला कुणाचाच जीव होईना.

जाताना जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा, पाणी किती आहे ते मोजून वहीत लिहा. गावातल्या एका माणसाला दर महिन्याला एकदा मोजायला सांगा, पुढच्या वर्षी फंड मागताना तीच वही दाखवायची. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात परत जायचंय हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ऊन खाऊन गोण्यांच्या चिंध्या होतात आणि पहिल्या पावसात त्या खाडीत जातात. तेव्हा दहा माणसं पुरतात. चिंध्या आणि प्लास्टिक पोत्यात भरून परत आणायचं, माती तिथेच सोडायची, दाभणं मोजून घ्यायची. आमची अकरापैकी नेहमी सातच परत येतात.