डीपीएन वापरताय? या चुका टाळा

डायअरिलप्रोपिओनायट्राइल, म्हणजे प्रयोगात उंदरांना टोचायचं आपलं डीपीएन, इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरला (हार्मोन पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) अल्फा रिसेप्टरपेक्षा साधारण ७० पट जास्त ओढीनं चिकटतं. हा आकडा एकदा वाचला की नवख्यांना वाटतं, आता अल्फाची काळजी मिटली. मिटत नाही. डोस चढवत गेलात की अल्फाही जागा होतो. ‘परिणाम दिसत नाहीये, डोस दुप्पट करू का?’ हा प्रश्न ऐकून माझे कान किटलेत. डोसला हात लावण्याआधी गर्भाशयाचं वजन बघा. अंडाशय काढलेल्या मादीत ते कंट्रोलपेक्षा, म्हणजे औषध न दिलेल्या गटापेक्षा, वाढलेलं असेल, तर तुम्ही बीटाच्या नावाखाली अल्फाच चाळवताय. मी चरबी सोलून, आतलं पाणी टिपकागदावर टिपून मगच वजन करते. बाकीचे मेंदू काढतात आणि गर्भाशय कचऱ्यात टाकतात.

दुसरी चूक खाद्याची. एका विद्यार्थ्याच्या पहिल्या तुकडीत डीपीएन दिलेल्या माद्या एलिव्हेटेड प्लस मेझच्या (भीती मोजायच्या, उंचावरच्या अधिक-चिन्हासारख्या मांडणीच्या) उघड्या फाट्यांवर न घाबरता छान फिरल्या. पुढच्या तुकडीत फरक गायब. त्यानं औषधाचा लॉट बदलला, इंजेक्शनची वेळ बदलली, शेवटी स्टॅटिस्टिक्सच्या मागे लागला. मी म्हटलं, आधी कंट्रोलचे आकडे काढ. डीपीएनचा गट होता तिथेच होता. नुसतं तेल टोचलेल्या माद्याच बिनधास्त उघड्यावर हिंडत होत्या! मग प्राणिगृहात जाऊन खाद्याच्या पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचली. मधल्या काळात खाद्य बदललं होतं आणि नव्यात सोयाबीनची पेंड होती. सोयातलं जेनिस्टीनही बीटालाच जास्त चिकटतं, म्हणजे कंट्रोलला रोज ताटातूनच डोस मिळत होता. सोयाविरहित खाद्य सुरू केलं, मधे काही दिवस जाऊ दिले, तेव्हा कुठे फरक परत दिसला. पोतं बदललं की चिठ्ठी कापून वहीत चिकटवायची, ही माझी सवय. पिंजऱ्यांकडेही लक्ष असू द्या. झिजलेल्या, धुरकट पॉलिकार्बोनेटमधून बिस्फेनॉल ए झिरपतं.

अंडाशय शाबूत असलेल्या माद्या वापरायच्या तर रोज योनीतल्या पेशींचा स्मिअर काचेवर घ्या. इस्ट्रोजेनचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. त्याची नोंद नसेल तर तुमचा परिणाम औषधाचा की प्रोइस्ट्रसचा (चक्रातल्या इस्ट्रोजेन चढण्याच्या टप्प्याचा), हे कोणी सांगू शकणार नाही.

डीपीएन पाण्यात विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक थेट सलाइनमध्ये ओतून ‘विरघळलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. व्हायल उजेडासमोर धरा. गढूळ दिसलं तर पहिल्या आणि शेवटच्या प्राण्याला सारखा डोस गेलेला नाही. मी वेळ देऊन तिळाच्या तेलात विरघळवून देते. घाई असेल त्यांनी दुसरा विषय निवडावा.

कंट्रोलला तेच तेल, तेवढंच टोचा. एकच प्राणी पुन्हापुन्हा प्लस मेझवर चढवू नका; दुसऱ्या खेपेला त्याचं वागणं बदललेलं असतं.

फुलव्हेस्ट्रंट हे इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवणारं औषध देऊन परिणाम थांबला नाही, म्हणून ‘इस्ट्रोजेन रिसेप्टरचा संबंध नाही’ असं ठोकून देऊ नका. ते अल्फा-बीटा अडवतं, पण जीपीईआर या इस्ट्रोजेनच्या आणखी एका रिसेप्टरला उलट चालू करतं.

आणि ऊतीच्या छेदात बीटा शोधून रंगवणाऱ्या अँटिबॉडी. बाजारातल्या बऱ्याचशा भलत्याच प्रथिनाला चिकटतात. बीटाचं जनुक काढलेल्या उंदराचा छेद शेजारी नसेल, तर ती रंगीत स्लाइड माझ्याकडे आणूच नका.