कोल्हापुरात जेवायचं तर वार बघून जा

कोल्हापुरात काय खायचं हे आधी वार ठरवतो, मग घड्याळ, आणि शेवटी भूक. बाहेरगावचे लोक अकरा वाजता अंबाबाईचं दर्शन उरकतात, बारा वाजता मिसळ शोधत फिरतात आणि दुपारी चारला मटणाचं ताट मागतात. तोवर मिसळवाल्यांची मटकी संपत आलेली असते आणि खानावळीची चूल विझलेली. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा.

मुक्काम एकाच दिवसाचा असेल तर बुधवार किंवा रविवार निवडा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात, त्यामुळे त्या दिवशी मटणाचा खप कमी. श्रावणात तर विचारूच नका. रविवारी ताजं मटण हमखास मिळतं, पण दुपारी एक ते अडीच बाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं. साडेबारालाच पाटावर बसा किंवा सरळ रात्रीवर टाका.

सकाळी आठ ते दहा ही मिसळीची वेळ. फडतरेंची मिसळ शिवाजी उद्यमनगरात, बावडा मिसळ कसबा बावड्यात. दोन्ही ठिकाणं देवळापासून लांब आहेत, रिक्षा करा. इथे मिसळीबरोबर लादीपाव येत नाही, स्लाइस येतात आणि त्यालाच पाव म्हणतात. मिसळीच्या तिखट रश्श्याला तर्री म्हणायची पद्धतही इथली नाही, इथे 'कट' म्हणायचं. ताटलीत मोडाची मटकी, थोडी बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर. कट शेजारी वेगळा येतो किंवा मागून वाढतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच. तो सगळा कट एकदम ओततो, दोन मिनिटांत शेवेचा लगदा होतो आणि तिखटाचा अंदाजही चुकतो. पळीभर घ्या, खा, मग पुन्हा मागा.

तिखट लागलंच तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीचा जाळ तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही, उलट पाण्याने तो तोंडभर पसरतो. दही मागवा किंवा कोरडी स्लाइस चावून खा. कट वाढताना 'वरचा नको, खालचा द्या' म्हटलं तरी चालतं, कारण जाळ वर तरंगणाऱ्या लाल तेलात असतो. खरं तर कोल्हापूरचं जेवण बाहेर समजतात तितकं जाळ नसतं, मसालेदार असतं. परगावच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाने जी लाल भाजी मिळते, ती इथे शोधायच्या फंदात पडू नका.

दुपारी किंवा रात्री मटणाचं ताट. पाटीपेक्षा गर्दी बघा: जिथे स्थानिक माणसं बायकामुलांना घेऊन बसलीत ती खानावळ. ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तितका वाढतात, सुकं जादा घेतलं तर पैसे पडतात. बसताना विचारून घ्या, म्हणजे बिलाच्या वेळी तोंड पडायला नको. बरोबर लहान मुलं असतील तर 'अळणी' मागा. मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी ते, आणि दोन्ही रश्श्यांचा पाया तेच.

पांढऱ्यात ह्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ आणि पांढरी मिरी. तो वाटी तोंडाला लावून प्यायचा, आणि आल्या आल्या प्यायचा. गार झाला की मटणाची चरबी गोठून वर साय धरते आणि टाळूला चिकटते. पांढऱ्यात बारीक कण तरंगताना दिसले आणि वर तेल सुटलेलं असेल तर तो फुटलाय. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळलं, किंवा उरलेला रस्सा पुन्हा पुन्हा तापवला की असं होतं. अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नका. तांबडा कांदा-लसूण चटणीचा. त्यात जोंधळ्याची भाकरी कुस्करून काला करा. भात शेवटी. पांढऱ्याआधी तांबडा घेतलात तर तिखटानंतर पांढऱ्याची चवच कळत नाही. मुंडी, वजडी (आतडी-पोट), रक्ती (रक्ताची भाजी) आवडत असेल तर लवकर जा, ती आधी संपते.

मटण न खाणाऱ्यांनी अख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) घ्यावा. पनीरच्या नादी लागून पोट वाया घालवू नये.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराजांच्या काळातल्या कुस्ती मैदानाच्या अंगाला राजाभाऊंची भेळ. ती लगेच उभ्यानेच खा, बांधून नेली की चुरमुरे मऊ पडतात. कुस्तीच्या ह्या गावात दूधही कट्ट्यावर मिळतं: गंगावेशीत म्हशी समोर पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. हे दूध उकळलेलं नसतं, तेव्हा गरोदर बायका, लहान मुलं आणि नाजूक पोटाच्या माणसांनी बघण्यावरच समाधान मानावं. बाकीच्यांनीही मटण जेवून लगेच पिऊ नये. आधी दूध, मग दोन तासांनी जेवण. आणि कुणी 'कॉकटेल खाऊया' म्हणालं तर दचकू नका. इथे ते आइस्क्रीम, फळांचे तुकडे आणि जेली घातलेल्या पेल्याचं नाव आहे. खरी दारू हवी असेल तर ती मटणाच्या साध्या खानावळीत मागू नका, परमिट रूम वेगळी असते.

परतताना कांदा-लसूण चटणी आणि गूळ. चटणीला तेल सुटतं, म्हणून दुकानातली पिशवी तशीच कपड्यांत कोंबू नका. दुसऱ्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि ओला चमचा कधी घालू नका. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला त्यात बहुधा रसायन पडलेलं असतं. तपकिरी, थोडा गडद घ्या. नवा गूळ दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की येतो. त्या दिवसांत शहराबाहेर पडून एखाद्या गुऱ्हाळावर थांबलात तर गरम गूळ आणि काकवी, म्हणजे उसाच्या रसाचा पातळ पाक, मिळते. काकवीला मात्र बाटली घरूनच न्या, आणि ती गार झाल्याशिवाय झाकण लावू नका.