गरुड घेऊन निघणाऱ्यांच्या घरी: सातारा-सांगलीहून बायान-उल्गी

मे महिन्याच्या सुट्टीत मंगोलियाला जाऊन कझाकांची गरुडशिकार बघू, असा बेत असेल तर तिकीट काढण्याआधी थांबा. उन्हाळ्यात गरुड पिसं टाकतो. त्या दिवसांत त्याला पोटभर खाऊ घालून बसवून ठेवतात, शिकारीला काढत नाहीत. जुलैत गेलात तर गवत, फुलं, घोडीचं आंबवलेलं दूध सगळं मिळेल, पण गरुड ओट्यावरच्या मांजरासारखा बसलेला दिसेल.

शब्दाचाही घोळ असतो. ही गरुडाची शिकार नव्हे, गरुडाकरवी केलेली शिकार. आणि सावज असतं ते खोकड. आपल्या उसात रात्री ओरडतो तो कोल्हा वेगळा, खोकड वेगळं. कोर्साक नावाचं लहान खोकड आणि ससेही मिळतात, पण खरा मान मिळतो तो लाल खोकडाला. थंडीत त्याची लव दाट होते आणि बर्फावर माग सापडतो. म्हणून हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पश्चिम मंगोलियातल्या बायान-उल्गी प्रांतात उल्गी गावाजवळ गरुड महोत्सव भरतो, सप्टेंबरमध्ये सागसाईतही भरतो. तिथे डोंगरावरून सोडलेला गरुड मालकाच्या हाकेला किती वेळात हातावर येतो ते बघतात. घोड्यामागे ओढलेल्या कातड्यावर, म्हणजे ‘शिर्गा’वर, तो कसा झडप घालतो ते बघतात. बोकडाच्या कातड्यासाठी दोन घोडेस्वारांची ओढाओढ होते. एका दिवसात साठ-सत्तर गरुड आणि नटलेले घोडे दिसतात, फोटो झकास येतात. पण ती जत्रा आहे. ज्यांच्याकडे आठच दिवस आहेत, सोबत लहान मुलं किंवा वयस्क आहेत, त्यांनी जत्रेलाच जावं, त्यात कमीपणा नाही. शिकार बघायची तर थंडीत जा आणि उल्गीच्या पुढे निदान सहा दिवस हातात ठेवा. यातले दोन वाऱ्यात किंवा बर्फात जातील, दोन दिवशी काहीच मिळणार नाही, हे धरूनच चाला.

पोचायचं कसं

भारतीय पासपोर्टला मंगोलियाचा व्हिसा लागतो, वकिलात दिल्लीत आहे. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटाआधी तिथूनच खात्री करून घ्या. मिरज, सांगली, साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीला नेते. दिल्ली किंवा मुंबईहून विमान बदलत मंगोलियाची राजधानी उलानबातर गाठायची. तिथला नवा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. उतरल्यावर अर्ध्या तासात हॉटेल, असं गणित मांडू नका.

उलानबातर ते उल्गी रस्त्याने सोळाशे किलोमीटरच्या वर. बसने दोन दिवस हाडं खिळखिळी होतात, विमानाने तीन-एक तास. या देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा बरीच कमी असते. बहुतेक जण इथेच अडकतात आणि विमानतळावर बॅग उघडून बसतात. जड बूट आणि कोट अंगावर घालून चढा. वारा-बर्फामुळे ही विमानं रद्दही होतात, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. उल्गीचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, उलानबातरचं अडीच तास.

दुभाषा उल्गीतलाच घ्या. बायान-उल्गीत बहुसंख्य लोक कझाक आहेत आणि घरात कझाक बोलतात. राजधानीतून आणलेल्या मंगोल वाटाड्याला स्वयंपाकघरातलं अर्धं बोलणं कळत नाही. दुभाषाशी बोलतानाच पुढच्या गोष्टी कागदावर उतरवा: किती दिवस, किती घोडे, गाडीचं डिझेल कोणाकडे, जेवण-मुक्कामाचे पैसे घरच्यांना कोण देणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाखवायचं आहे ते प्रात्यक्षिक की खरी शिकार? हे विचारलं नाही, तर घरामागच्या टेकाडावर शिर्गा ओढून वीस मिनिटांत ‘शिकार’ उरकली जाते. त्यात फसवणूक नसते, बहुतेक पाहुण्यांना तेवढंच हवं असतं. सागसाई, उलानखुस, तोल्बो, देलुन, अल्ताई या भागांत ‘बुर्कितशी’, म्हणजे गरुड बाळगणारे शिकारी, आहेत. अल्ताई तवान बोग्द राष्ट्रीय उद्यानाकडे जाणार असाल तर सीमाभागाचा वेगळा परवाना लागतो. तो उल्गीत काढता येतो, पण शनिवार-रविवारी कार्यालय बंद. पैसे तुगरुगमध्ये, रोख, लहान नोटांत ठेवा. उल्गीच्या पुढे कार्ड चालेल असं धरू नका.

थंडी

महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी गवतावर हिमकण दिसले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. तिकडे जानेवारीत उणे २५ ही नेहमीची सकाळ असते, उणे ३५ लाही कोणी बातमी म्हणत नाही. सुती बनियन घरी ठेवा. घामाने ते ओलं होतं आणि थांबलात की अंगावर बर्फाची पाटी ठेवल्यासारखं लागतं. आत लोकरी किंवा थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यात बाहेर वारा अडवणारा थर. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, दोन जोड जाड मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी तिथेच गारठतो. बोटांच्या हातमोज्यांवर चारही बोटं एकत्र झाकणारा एक मोठा मोजा घाला. हे सगळं इथून घेण्यापेक्षा उलानबातरच्या नारान तूल बाजारात स्वस्त आणि चांगलं मिळतं, फक्त पाकीट आतल्या खिशात ठेवा. घोंगडं नेण्याचा मोह होईल. वजनाचा विचार करा आणि ठेवून द्या.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे झाकणाकडचं मोकळं राहतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, बाहेर त्या तासाभरात मान टाकतात. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते अंगाशी धरावं, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. विमा काढताना घोडेस्वारी त्यात आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

घोड्यावर

शिकार पायी होत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाला लगाम धरून फिरवतो, तो अनुभव इथे उपयोगी नाही. जाण्याआधी दोन महिने त्याच घोडेवाल्याला ‘लगाम माझ्या हातात दे’ म्हणून सांगा आणि दुडक्या चालीवर उठबस करायला शिका. एकूण दहा-बारा तास खोगिरावर काढलेले हवेत. नाहीतर दुसऱ्या दिवशी मांड्या सोलून निघतात आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसून राहता. तिकडचा घोडा ठेंगणा पण दमदार, उतारावर दगडगोट्यांतून तो आपली वाट स्वतः काढतो. तिथे लगाम सैल सोडा आणि मागे रेला. चढायचं डाव्या बाजूने. मागून जायचं नाही, आणि घोड्यावर बसून फडफडणारं जाकीट काढायचं नाही. घोडे उधळतात ते बहुधा याच कारणाने.

घरात

थंडीत तंबू नसतो. वर्तुळाकार नमद्याचं घर उन्हाळ्याच्या कुरणावर उभं राहतं. हिवाळ्यात ही कुटुंबं ‘किस्ताऊ’वर असतात, म्हणजे मातीच्या विटांच्या किंवा लाकडी ओंडक्यांच्या बसक्या घरात. माणदेशातले, आटपाडी-जतकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडे उतरतात, त्यांच्या वाड्यावर राहिलेल्या माणसाला इथली अर्धी रीत आपोआप कळेल. जनावरांच्या वेळा आधी, माणसांच्या नंतर. चुलीत शेणीच जळतात, फक्त त्या थापलेल्या नसतात, गोठलेल्या उचलून आणलेल्या असतात.

दाराशी जाण्याआधी लांबूनच हाक द्या, कुत्री मोकळी असतात. ‘अस्सलामु अलैकुम’ चालतं. उंबऱ्यावर पाय ठेवू नका. दारासमोरची जागा मानाची, ती दाखवली तरच बसा. भाकरीसारखा पाव उलटा ठेवायचा नाही. जेवणानंतर वडीलधारे तळवे चेहऱ्यावरून फिरवतात, तसं तुम्हीही करा. चहा मीठ घातलेला दुधाचा असतो. वाडगा रिकामा दिसला की भरला जातो, नको असेल तर वाडग्यावर हात धरून ‘रख्मेत’, म्हणजे धन्यवाद, म्हणा.

जेवण म्हणजे मांस. बेशबरमाक या पदार्थात उकडलेलं मटण किंवा घोड्याचं मांस लाटलेल्या पिठाच्या पट्ट्यांवर येतं. थंडीच्या तोंडाला घोडा कापून वर्षाची बेगमी करतात. शाकाहारी माणसाने घरच्यांना कोड्यात टाकू नये, दुभाषाकरवी पहिल्याच दिवशी सांगावं. बावरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मलई आणि चहा यावर निभतं. जोडीला सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग असलं की आठवडा निघतो. भेट म्हणून तासगावच्या बेदाण्याचं सीलबंद पाकीट न्या. चहाबरोबर सुका मेवा मांडायची तिथली रीतच आहे, त्यामुळे ते त्याच दिवशी दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, येतं. मुक्कामाचे पैसे मात्र निघताना घरच्या बाईच्या हातात द्या.

शिकारीचा दिवस

शिकारीचा गरुड, म्हणजे सोनेरी गरुड, बहुधा मादी असते, म्हणून इथून पुढे ‘ती’. नरापेक्षा ती मोठी आणि तापट, वजन पाच-सहा किलोपर्यंत. पाच किलोची पिशवी कोपरातून हात वाकवून दहा मिनिटं धरून बघा, म्हणजे खोगिराला अडकवलेली ती इंग्रजी ‘वाय’सारखी लाकडी बेचकी, ‘बालदाक’, कशासाठी असते ते कळेल. उजवा हात त्या बेचकीत टेकवूनच शिकारी दिवसभर डोंगर चढतो. डोळ्यांवर कातडी टोपी असते ती ‘तोमागा’, जाड हातमोजा ‘बियालाय’, पायातल्या पट्ट्या ‘आयाकबाऊ’. टोपी आहे तोवर ती शांत. टोपी निघाली की हलेल ते सगळं तिच्या नजरेत येतं.

खरी तयारी आधीचे काही आठवडे चाललेली असते. मांस पाण्यात भिजवून, रक्त धुऊन पांढरं करून देतात. पोट भरतं पण ताकद बेताची मिळते, आणि चरबी उतरते. भूक कमी राहिली तर ती उडून समोरच्या कड्यावर जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत खाली येत नाही. भूक जास्त ताणली तर थंडीत खोकडाशी झुंजायला बळ उरत नाही. शिकारी रोज तिच्या छातीचं हाड बोटांनी चाचपतो, त्याच्यावर किती मांस आहे ते बघतो आणि त्यावरून ठरवतो: आज निघायचं की नाही. तो ‘आज नाही’ म्हणाला, तर पैशांची गोष्ट काढू नका.

निघाल्यावर गरुडवाला डोंगराच्या धारेवर जातो. बाकीचे स्वार खालच्या घळीतून दगड आपटत, ओरडत खोकड उठवतात. तुमची जागा शिकाऱ्याच्या मागे, धारेपासून थोडी खाली. लाल-पिवळं जाकीट घालून आभाळाच्या रेषेवर उभं राहिलात, तर खोकड तुम्हाला आधी बघतं आणि घळ बदलतं. बोलणं बंद, फोनचा आवाज बंद, विचारल्याशिवाय उतरायचं नाही. खोकड दिसलं की टोपी निघते आणि ती सुटते. पंख फार मारत नाही, उताराला धरून अंग टाकते. पहिल्या झडपेत चुकलं आणि खोकड खडकाच्या कपारीत शिरलं, की खेळ संपला. वर परत येऊन पुन्हा उडी घेण्याइतका दम आणि उंची क्वचितच उरते. बहुतेक उड्या अशाच संपतात.

पकडलं, तर शिकारी घोडा उतारावरून फेकतो. ती पंख पसरून सावज झाकून बसलेली असते, आणि त्या क्षणी कोणीही तिला चोरच वाटतो, मालकसुद्धा. तो गुडघ्यावर बसून मांसाचा तुकडा हातमोज्यात दाखवतो, ती तुकड्यावर येते, तेवढ्यात खोकड कोटाखाली जातं. टोपी चढेपर्यंत दहा पावलं लांब थांबा. फोटोसाठी पुढे धावणं ही पाहुण्यांची सगळ्यात धोक्याची चूक. ती खोकडाच्या कातड्यावर शिकलेली असते, आणि तुमच्या टोपीला फर असेल तर त्याचा अर्थ तिला वेगळा लागू शकतो.

हातावर घ्यायला दिली, तर मनगट कोपरापेक्षा उंच ठेवा. पक्षी उंच जागेकडे सरकतो, कोपर वर गेलं तर ती दंडावर चढेल, आणि तिथे हातमोजा नसतो. तोंड वाऱ्याकडे करा, पाठीमागून वारा आला की ती तोल सावरायला पंख मारते आणि ते तुमच्या चेहऱ्यावर बसतात. छातीवरून हात फिरवू नका.

उलानबातरजवळच्या तेरेल्जमध्ये रस्त्याकडेला दिवसभर साखळीवर बसवलेले गरुड-गिधाडं असतात, पैसे देऊन फोटो. ते टाळा. बायान-उल्गीतला शिकारी काही वर्षं, बऱ्याचदा सात ते दहा, पक्षी बाळगतो आणि मग वसंतात दूरच्या डोंगरावर नेऊन सोडतो, कायमचा.

परत येताना पीस, नखं, खोकडाचं कातडं काही आणू नका. सोनेरी गरुड आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे आणि आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. भेट म्हणून दिलेलं पीसही विमानतळावर तुम्हालाच निस्तरावं लागतं. आणायचंच तर बायकांनी भरतकाम केलेला भिंतीवरचा ‘तुस कियीझ’ घ्या. जुना, हाताने टाके घातलेला तुकडा उल्गीच्या बाजारात मिळतो. उलटा करून बघा: मागच्या बाजूला दोऱ्याची गाठ-गुंत दिसली तर हाताचा, सगळं सरळ एकसारखं असेल तर यंत्राचा.