शहराची ओळख अभ्यासायची असेल तर: मानवी भूगोलाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी नागपुरातील अनुभव

भूगोलात एम. ए. करताना लघुप्रबंधासाठी ‘आपल्या शहराची ओळख’ हा विषय अनेकांना सोपा वाटतो, कारण त्याची सामग्री दारातच असते. नागपूर म्हटले की संत्री, झिरो माइल, दीक्षाभूमी, सावजी रस्सा आणि तर्री पोहे ही यादी कोणीही बसल्या जागी तयार करील. मी याच विषयावर याच शहरात काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यादीतील प्रत्येक गोष्टीला ‘ही इथे कशी आली’ आणि ‘ही ओळख नेमकी कोणाची’ असे दोन प्रश्न विचारल्याखेरीज लिहायला बसू नये.

सिद्धांतासाठी बहुतेक जण भूगोलतज्ज्ञ एडवर्ड रेल्फ यांच्यापासून सुरुवात करतात. भौतिक रचना, तेथे चालणारे व्यवहार आणि लोकांनी त्यांना दिलेले अर्थ, असे स्थळाच्या ओळखीचे तीन घटक त्यांनी १९७६ मध्ये मांडले. परीक्षेसाठी ही मांडणी सोयीची आहे. मात्र स्थळ हे बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांतून घडते, असे म्हणणाऱ्या भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी नागपूरच्या बाबतीत मला अधिक उपयोगी वाटल्या.

संत्र्याचेच पाहा. बागा आहेत काटोल-नरखेडकडे आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात, पण २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन नागपूरच्या नावाने आहे, कारण फळाला नाव मिळाले ते बाजारपेठेचे. कापसाचीही गोष्ट अशीच. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखाशी शहराचे नाते पक्के झाले. तोच लोहमार्ग शहराची सीमारेषाही ठरला: त्याच्या पूर्वेला महाल, इतवारी ही जुनी वस्ती, तर पश्चिमेला सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठ. आज सगळ्या शहराचा म्हणून मिरवला जाणारा सावजी रस्सा मुळात पूर्वेकडच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचा. गिरणी बंद पडली, तरी तिच्या जागेवरचा मॉल ‘एम्प्रेस’ हेच नाव लावतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी १९५६ या वर्षावर थांबावे. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरच्या राज्य पुनर्रचनेत, नागपूरचे मध्य प्रदेशाची राजधानी असणे संपले. अशोक विजयादशमीला मराठवाड्यातून येणाऱ्या अनुयायासाठी नागपूर म्हणजे दीक्षाभूमी, तर सिव्हिल लाइन्समधील जुन्या कुटुंबाच्या बोलण्यात गेलेल्या राजधानीची सल अजून येते आणि १९५३ च्या नागपूर करारातून आलेले हिवाळी अधिवेशन त्यांना तुटपुंजी भरपाई वाटते. या दोन नागपुरांची सरासरी काढू नये. दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत. झिरो माइलचा स्तंभ हा देशाचा मध्यबिंदू आहे की नाही, या वादातही विद्यार्थी फार वेळ घालवतात. शहराला तो मध्यबिंदू हवासा का वाटतो, हा आपल्या शाखेचा प्रश्न आहे.

क्षेत्रकार्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. मे महिन्यातील नागपुरी उन्हात दुपारी कोणीही रस्त्यावर थांबून मुलाखत देत नाही. अपवाद मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा जुन्या शहरातील माणसे आपापल्या मोहल्ल्याविषयी आपणहून बोलतात. मुलाखतीत थेट ‘नागपूरची ओळख काय’ असे विचारल्यास पाठ झालेली यादीच ऐकायला मिळते. त्याऐवजी कोरा कागद देऊन घर ते कामाच्या ठिकाणापर्यंतचा नकाशा काढायला सांगावा. त्यावर कोणत्या खुणा येतात, कोणती वस्ती रिकामी सोडली जाते आणि लोहमार्ग कोठे येतो, यांची तुलना केली की विश्लेषणाचे निम्मे प्रकरण तयार होते. हे नकाशे १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर आणि सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांशी ताडून पाहावेत.

व्याप्ती मात्र लहान ठेवावी. अख्खे नागपूर घेण्यापेक्षा इतवारीतील एक बाजारपेठ किंवा पाचपावलीतील एक विणकर वस्ती निवडलेली बरी; तोंडी परीक्षेत ‘हेच का निवडले’ या प्रश्नाला तेव्हा ठोस उत्तर देता येते.